गोणीपासून घासापर्यंत : महिला व बालविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. महिला व बालविकास मंत्री,
गोवा राज्य, पणजी

मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मी अंगणवाड्यांची मुख्यसेविका म्हणून पंचवीसेक वर्षे काम केले, बहुतेक सत्तरी आणि डिचोलीत. आता निवृत्त आहे, त्यामुळे वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचून होते. सप्टेंबरात पोषण महिना आला की पाककृती स्पर्धांचे फोटो छापून येतात. नाचण्याचे लाडू, शेवग्याच्या पाल्याची थालीपिठे, कोरलेले कलिंगड आणि मागे बॅनर. मी स्वतः अशा स्पर्धांची परीक्षक होते आणि लाडू खरोखरच चांगले असतात. पण नाचण्याचे तिजान, म्हणजे पातळ पेज, कसे करायचे हे सत्तरीतल्या आजीला शिकवायला कुणी जायची गरज नाही. गाडे अडते ते दुसरीकडेच.

एक प्रसंग सांगते. त्यात चूक माझीच होती. एका वाड्यावर दहा महिन्यांचे मूल होते, दोन महिने वजन हलत नव्हते. घरी न्यायचा आहार, म्हणजे आमच्या भाषेत टीएचआर, आई दर वेळी नेत होती आणि वहीत तिची सही होती. मी सेविकेवर तणतणले, तू आईला नीट समजावून सांगत नाहीस म्हणून. मग दोघी त्या घरी गेलो. दाराशी वासराची बादली होती आणि त्या बादलीत आमचे पीठ कालवलेले. आई बिचारी ओशाळली. म्हणाली, "बाय, तें भुरगें थुकता. आनी घरांत तीन भुरगीं, एकल्याकच कशें दिवप?" म्हणजे, मूल ते थुंकते, आणि घरात तीन मुले असताना एकट्यालाच कसे द्यायचे? त्या महिन्याच्या माझ्या अहवालात मात्र त्या घराचे वाटप शंभर टक्के होते. मी काही खोटे लिहिले नव्हते. पाकीट पोचलेच होते की.

गोणीच्या, म्हणजे पुरवठ्याच्या, बाजूने आपल्याकडे सगळे ठरलेले असते. 2023 मध्ये निकष बदलेपर्यंत सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला दिवसाला 500 उष्मांक, 12 ते 15 ग्रॅम प्रथिने, वर्षाचे 300 दिवस. 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 प्रकल्पांनी एकात्मिक बालविकास योजना, म्हणजे ही अंगणवाड्यांची योजना, सुरू झाली, तेव्हापासून आकडे सुधारत गेले, पीठ बदलले, पाकिटावरचे चित्र बदलले. गोणी फोडल्यापासून घास बाळाच्या तोंडात जाईपर्यंत काय काय घडते, याचा रकाना मात्र कुठल्याच रजिस्टरात नव्हता. आता रजिस्टर जाऊन मोबाइल आला. 2021 पासून केंद्र सरकारच्या पोषण ट्रॅकर या अॅपवर सगळे भरायचे असते. रेंज शोधत माळावर चढणाऱ्या सेविका मी पाहिल्या आहेत. त्या चढूनही पाकीटच नोंदवतात.

या मधल्या वाटेचा अभ्यास करणारे एक शास्त्र आहे. इंग्रजीत त्याला इम्प्लिमेंटेशन सायन्स म्हणतात, आपण अंमलबजावणीचे शास्त्र म्हणू. नाव जड आहे, पण प्रश्न साधा आहे : जे उपाय लागू पडतात हे ठाऊक आहे, ते या वाड्यावर, या सेविकेच्या हातून, या आईपर्यंत का पोचत नाहीत, आणि काय बदलले तर पोचतील? उपायांची यादी जुनीच आहे. 2013 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने माता-बाल पोषणाचे दहा उपाय मोजून दाखवले आणि ते 90 टक्के लोकांपर्यंत पोचले तर पाच वर्षांखालचे बालमृत्यू सुमारे 15 टक्क्यांनी कमी होतील असा हिशेब मांडला. सगळी गोम त्या 'पोचले तर'मध्ये आहे.

बांगलादेशाचे उदाहरण मला आवडते, कारण तेव्हा तो देश आपल्यापेक्षा गरीब होता. तिथे ब्रॅक या संस्थेच्या आरोग्यसेविकांनी 2010 च्या सुमारास घरोघरी जाऊन स्तनपान आणि वरच्या आहाराबद्दल सल्ला द्यायला सुरुवात केली. भेट बाळाच्या वयाप्रमाणे ठरलेली असे. ती झाली का, आईने ते केले का, हे आईलाच विचारून पाहत आणि त्यावर सेविकेला थोडे पैसे मिळत. जिथे हे काम नेटाने झाले तिथे सहा महिने निव्वळ आईचे दूध पिणाऱ्या बाळांचे प्रमाण सुमारे 49 टक्क्यांवरून 88 वर गेले. बाकीच्या भागात ते जवळजवळ होते तिथेच राहिले. वरच्या आहाराच्या सवयीही खूप सुधारल्या. मात्र मुलांच्या उंचीच्या सुधारणेत या दोन भागांमध्ये म्हणण्यासारखा फरक दिसला नाही, आणि तेही त्यांनी लपवले नाही, छापले. आपल्याकडे एखाद्या योजनेचा असा अहवाल मी तरी अजून पाहिलेला नाही.

शेजारच्या महाराष्ट्रात कुपोषणाविरुद्धच्या सरकारी राजमाता जिजाऊ मिशनने 2005 मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद विभागात काम सुरू केले, तेव्हा अगदी आरंभी रिकाम्या जागा भरण्यावर जोर दिला. दोन वर्षांखालच्या खुरट्या मुलांचे प्रमाण साऱ्या महाराष्ट्रात 2005-06 मध्ये 39 टक्के होते, ते 2012 च्या पाहणीत 23 वर आले. हा वेग पुढे टिकला नाही. तो का टिकला नाही हे शोधणेही याच शास्त्राचे काम.

आता आपले घर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्यातली वयाच्या मानाने बुटकी मुले 2015-16 मध्ये 20 टक्के होती. पुढच्या, 2019-21 च्या फेरीत ती जवळजवळ 26 टक्के झाली. गोव्याचा नमुना लहान असतो, म्हणून या वाढीवर मी फार आरडाओरड करणार नाही. पण त्याच फेरीत रक्तक्षय असलेल्या लहान मुलांचे प्रमाण 53 टक्क्यांवर होते. दरडोई उत्पन्नात आपण देशात वरच्या रांगेत बसतो, मग हे कसे? इथे तांदूळ कमी नाही, नारळ कमी नाही, बांगडा-तारले तर बाजारात दररोज.

याच गोव्यात झालेला एक अभ्यास मला निवृत्तीनंतर वाचायला मिळाला, आणि नोकरीत असताना तो कुणी माझ्या हातात का ठेवला नाही याची हळहळ वाटली. 2003 साली तो प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर ज्या आयांना नैराश्य आले होते त्यांची बाळे सहा महिन्यांच्या वयाला वजनाने आणि उंचीने मागे असण्याची शक्यता जास्त होती. मी किती आयांना विचारले असेल, बाळाला काय भरवता, किती वेळा भरवता. तुम्हाला झोप लागते का, हे एकीलाही विचारले नाही. रकानाच नव्हता. पुढे 2019 मध्ये आणखी एका प्रयोगाचे निष्कर्ष आले. त्यात आपल्याकडच्याच साध्या बायकांना शिकवून नैराश्य आलेल्या गरोदर आणि बाळंत आयांशी बोलायला पाठवले होते. फरक थोडा पडला, पण पडला. म्हणजे गोव्याने जगाला शिकवले आणि आपल्या अंगणवाडीपर्यंत तेवढे आणायचे राहून गेले.

म्हणून माझे मागणे नव्या योजनेचे नाही. दोन तालुके निवडा, सत्तरी आणि मुरगाव. मुद्दाम वेगळे, कारण दोन्हीकडची अडचण वेगळी. मुरगावातल्या बायणा, झुआरीनगरात आया सकाळीच कामाला जातात आणि वजनाचा दिवस नेमका सकाळी असतो. मूल येते ते सात वर्षांच्या ताईच्या कडेवर. तिला काय समजावणार? तिथे वर्षभर वजन संध्याकाळी किंवा रविवारी घेऊन पाहा, सेविकेला त्याची भरपाई सुट्टी देऊन. सत्तरीत बाळाचा वाटा मोठ्या पाकिटात न देता एका दिवसाच्या पुड्यांत द्या, भाऊबहिणींसाठी वेगळे काही द्या, आणि घरच्याच पेजेत डाळ, अंडे, मासा कसा कुस्करून घालायचा हे सेविकेने आईच्या चुलीपाशी बसून दाखवू दे. दोन्हीकडे एका वेळी एकच बदल. मोजायचे ते पाकीट नव्हे, काल बाळाने काय खाल्ले ते. आठ अन्नगटांपैकी पाच पोटात गेले का, हा जगभर वापरला जाणारा प्रश्न आहे आणि तो विचारायला पाच मिनिटे लागतात. तेवढी मिनिटे सेविकेला मिळावीत म्हणून दुसऱ्या खात्यांची कामे तिच्या गळ्यातून काढा.

आणखी एक, आणि माझ्या दृष्टीने हे सर्वांत कठीण. वजन घटल्याचे खरे लिहिणाऱ्या सेविकेला आपल्याकडे मेमो मिळतो. माझ्या काळात एका वरिष्ठांनी बैठकीत सांगितले होते, "तुमच्या बीटमध्येच कुपोषित कसे वाढतात?" पुढच्या महिन्यात ते घटले. मुले तीच होती, काटाही तोच. पेन बदलले होते. या दोन तालुक्यांत वर्षभर कुणालाही आकड्यावरून मेमो द्यायचा नाही, असे तुमच्या सहीचे परिपत्रक निघाले तर ते एकटेच कितीतरी काम करील. 'हा बदल लागू पडला नाही' असे लिहिणाऱ्या मुख्यसेविकेला मी तर बक्षीस देईन, लाडवांच्या स्पर्धेच्या खर्चातून.

प्रयोग सुरू करण्यापूर्वी एकदा स्वतः वजनाच्या दिवशी एखाद्या अंगणवाडीत या. सकाळी दहाला आलात तर काटा टांगताना दिसेल. फक्त आधी कळवू नका, नाहीतर रांगोळी घालण्यात सेविकेची सकाळ जाईल.

देव बरें करूं.

आपली,
एक निवृत्त मुख्यसेविका
सत्तरी