होशिनचा बोर्ड लागला, पण विचारलं कोणाला?

मा. संपादक, स.न.वि.वि.

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, व्हॉल्व्हचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत मी चोवीस वर्षं क्वालिटीत काढली, आता रिटायर आहे, म्हणून मोकळेपणाने लिहितोय. हल्ली भाचा भेटला की 'होशिन कान्री' सुरू करतो, म्हणजे कंपनीची उद्दिष्टं वरपासून खालपर्यंत ठरवायची जपानी पद्धत, त्याच्या कंपनीत पण आणतायत म्हणे. ऐकलं आणि पोटात गोळाच आला, कारण आमच्याकडे हे होऊन गेलंय.

पद्धत वाईट आहे असं अजिबात नाही हं. होशिन म्हणजे धोरण, त्यातली दोन अक्षरं सुटी केली तर एक दिशा आणि दुसरी सुई, थोडक्यात होकायंत्रच म्हणा ना, आणि कान्री म्हणजे ते सांभाळणं, चालवणं. जपानमध्ये क्वालिटीसाठीचं डेमिंग प्राइज 1951 पासून देतात, ते मिळवलेल्या कंपन्या प्लॅनिंग कसं करतात याचा अभ्यास ब्रिजस्टोन टायरवाल्यांनी केला आणि 1965 साली त्याचा रिपोर्ट काढला, तिथून हे नाव रूढ झालं. टोयोटाला ते प्राइज त्याच वर्षी मिळालं. आपल्याकडे सुंदरम-क्लेटनने 1998 मध्ये मिळवलं. म्हणजे आपल्या लोकांना जमत नाही असं कोणी म्हणू नये.

खरी गंमत पुढे आहे. वरचा साहेब तीन ते पाच वर्षांसाठी मोजकीच मोठी उद्दिष्टं ठरवतो, पंचवीस नाही, चार-पाच फार तर. रोजचं काम त्यात धरत नाहीत, ते वेगळं चालतं. मग साहेब ज्या मार्गाने तिथे पोचणार म्हणतो तो मार्ग खालच्या माणसाचं उद्दिष्ट होतो, आणि त्याचा मार्ग त्याच्या खालच्याचं. पण हे नुसतं खाली ढकलायचं नसतं! खालचा म्हणतो एवढं होईल, एवढं नाही, आणि होईल ते पण अमुक मशीन दिलं तर. मग वरचा विचार करून परत टाकतो. याला कॅचबॉल म्हणतात, लहान मुलं चेंडू झेलतात-फेकतात तसं. दोघांचं जमलं की मगच कागदावर, आणि दर महिन्याला बसून नुसता आकडा आला का नाही एवढंच नाही तर का नाही आला ते पण बघायचं. आमच्या गणपती मंडळाच्या मीटिंगमध्ये हेच तर होतं, अध्यक्ष म्हणतात मांडव मोठा, खजिनदार म्हणतात वर्गणी बघा, रात्री अकरा वाजेपर्यंत फेकाफेकी चालते पण ठरतं ते सगळ्यांचं असतं.

आमच्या कंपनीत काय झालं? कन्सल्टंट आला, हॉटेलात दोन दिवस ट्रेनिंग, पनीर-बिनीर, आणि शेवटी एक्स-मॅट्रिक्सचा, म्हणजे सगळी उद्दिष्टं, मार्ग आणि आकडे एकत्र दाखवणाऱ्या तक्त्याचा, भला मोठा फ्लेक्स कॅन्टीनबाहेर पाण्याच्या कूलरपाशी लावला. सगळा इंग्रजीत. मशीन शॉपला टार्गेट होतं रिजेक्शन अर्धं करा, परचेसला टार्गेट होतं टूलिंगचा खर्च कमी करा. दोन्ही एकाच फ्लेक्सवर, जवळजवळच्या रकान्यात. परचेसने स्वस्तातली कार्बाइड टीप, म्हणजे मशीनवर धातू कापणारं पातं, आणली आणि आपलं टार्गेट पहिल्याच तिमाहीत पूर्ण करून टाळ्या घेतल्या. ती टीप अर्ध्या शिफ्टमध्येच घासायची, बोअरची, म्हणजे पार्टमधल्या भोकाची, साइज सुटायची, आणि रिजेक्शनचा लाल डबा दुपारच्या चहाच्या आधीच भरायचा. सीएनसीवरचा, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवरचा, एक पोरगा मला रोज म्हणायचा, "साहेब, आ टीप नथी चालती." मी वर सांगितलं, तर उत्तर मिळालं की टार्गेट फिक्स झालंय, आता एप्रिलमध्ये बघू. एप्रिलपर्यंत तो पोरगा हालोलला दुसऱ्या नोकरीला निघून गेला.

यात कन्सल्टंटची चूक की साहेबांची हे मला नाही ठरवायचं. चूक माझी पण होती, मी एकदा सांगितलं आणि गप्प बसलो, चेंडू परत फेकायचा असतो हे मला तेव्हा माहीतच नव्हतं आणि त्या दोन दिवसांत कॅचबॉलवर एकच स्लाइड होती, ती पण जेवणाच्या सुट्टीच्या आधीची!

तर आपल्या वाचकांत जे कोणी कंपनी चालवतात त्यांना एवढीच विनंती आहे की फ्लेक्स छापायला टाकायच्या आधी तो कागद पेन्सिलीने लिहून मशीनवरच्या माणसासमोर ठेवा, गुजरातीत नाहीतर हिंदीत, आणि परचेस आणि प्रॉडक्शनला एकाच टेबलावर बसवा. वेळ जाईल, महिना-दोन महिने जातील, जाऊ द्यात.

आमचा फ्लेक्स अजून कूलरपाशीच आहे असं कळलं. गेल्या नवरात्रीत त्याच्यावर गरब्याच्या पासची नोटीस चिकटवली होती म्हणे, आणि ती मात्र सगळ्यांनी वाचली.

आपला,
एक रिटायर्ड क्वालिटीवाला, बडोदे