डोंगरउतारावरील बर्फ एका आकड्यात मावत नाही

महोदय,

हिमवृष्टीच्या बातम्यांत ‘अमुक फूट बर्फ साचला’ असा एकच आकडा दिला जातो. तो बहुधा सपाट आणि वाऱ्यापासून आडोशाच्या जागी मोजलेला असतो. तीव्र उतारांवरील वास्तव त्याहून फार निराळे असते. कोरडा, भुसभुशीत बर्फ सेकंदाला साधारण ५ ते १० मीटर वेगाच्या वाऱ्यानेही उडू लागतो, त्यामुळे डोंगराची वाऱ्याकडील बाजू खरवडल्यासारखी उघडी पडते आणि कण्याच्या पलीकडच्या आडोशाला तोच बर्फ कित्येक मीटर जाडीने साचू शकतो. सुमारे ६० अंशांहून उभ्या कातळावर तर तो फारसा टिकतच नाही. घसरून खालच्या घळीत जमा होतो, आणि म्हणूनच आजूबाजूचे उतार मोकळे झाल्यावरही घळी बराच काळ पांढऱ्या दिसतात.

हे चित्र हिवाळाभर बदलत राहते. ताज्या बर्फाची घनता घनमीटरला सुमारे १०० किलो असते आणि दबत दबत ती वसंतापर्यंत ४०० किलोंच्या आसपास पोहोचते; म्हणजे जाडी घटली तरी त्यातील पाणी घटलेच असे नाही. वृत्तांकनात नेमका हाच घोळ वारंवार होतो, हे खेदाने नमूद करावेसे वाटते. पुढे उत्तर गोलार्धात दक्षिणाभिमुख उतार आधी वितळतात.

तेव्हा आकड्यासोबत मोजणीची जागा, उंची आणि उताराची दिशाही छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक