दुसरीतल्या छोटूसाठी, केरीहून

केरी, नॉर्थ कॅरोलायना
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

सौ. वहिनींस सप्रेम नमस्कार,

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार, दादाला नमस्कार, चिनूला अनेक आशीर्वाद.

पत्र दादाच्या ईमेलवर पाठवतेय. त्याला म्हणावं, छापून आण. तुमच्या दुसरीच्या वर्गातल्या, ऑटिझमची म्हणजे स्वमग्नतेची लक्षणं दिसणाऱ्या मुलाला कसं शिकवू, या तुम्ही व्हॉट्सॲपवर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर अंगठ्याने टाइप करण्याएवढं लहान नाही. आमच्याकडे सगळे ठीक. बुधवारी गणपती, आणि परवापर्यंत मखराचा पत्ता नाही, म्हणजे यंदाही साड्यांवर भागणार.

"तुमच्याकडे सगळं असतं, इथे चाळीस पोरांत मी एकटी काय करू?" हे तुमचं वाक्य आठवडाभर डोक्यात आहे. थोडं खरं आहे ते. इथे अमेरिकेत १९७५ पासून कायदाच आहे, प्रत्येक दिव्यांग मुलाची लेखी योजना करावी लागते, वाचा-उपचार करणाऱ्या बाई शाळेतच येतात. पण उद्या शाळा उघडतेय म्हणून मी गेला आठवडा काय केलं ते ऐका. कपाटं आडवी लावून वर्गाचे कोपरे पाडले, फोटो कापले, लॅमिनेट केले, मागे व्हेलक्रो चिकटवलं, बुटांची रिकामी खोकी गोळा केली. इंदूरच्या खजुरी बाजारात एका फेरीत मिळणार नाही असं त्यात काही नव्हतं. योजनेच्या कागदांत मात्र इथल्या शिक्षिकांच्या संध्याकाळी जातात, आणि कागद सुरेख झाला म्हणून मूल शिकलं असं इथेही होत नाही.

आता तुमचा मुलगा. नाव लिहिलं नाहीत ते बरं केलंत, आपण त्याला छोटू म्हणू. प्रार्थनेला कानांवर हात ठेवतो, हाक मारली तर वळत नाही, कचरा गाडी आली की खिडकीकडे धावतो आणि तिचं गाणं दिवसभर गुणगुणतो. मध्येच तास बदलला की जमिनीवर लोळण. असा एक तरी आमच्या वर्गात दरवर्षी असतोच, फक्त इथे ट्रक मुका असतो.

आमचा वर्ग चालतो तो याच राज्यातल्या पद्धतीने. चॅपल हिलच्या विद्यापीठात एरिक शॉप्लर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी ती उभी केली, १९७२ मध्ये राज्य सरकारने तिला अधिकृत रूप दिलं. तिचं नाव टीच. मुद्दा साधा आहे. ऑटिझम असलेल्या बऱ्याच मुलांना ऐकलेलं निसटतं, पाहिलेलं धरून ठेवता येतं. तुम्ही "आता गणित झालं की डबा" म्हणालात, ते वाक्य हवेत गेलं. तेच फोटोत समोर असलं तर तो पुन्हा पुन्हा बघू शकतो. म्हणून काम देताना चार प्रश्नांची उत्तरं त्याला डोळ्यांनी मिळाली पाहिजेत: काय करायचं, किती करायचं, संपलं हे कसं कळणार, आणि मग पुढे काय. आपण त्याला फक्त पहिल्याचं उत्तर देतो, तेही तोंडी. उरलेली तीन त्याने कुठून आणायची?

तुम्ही एवढं करा. वीतभर रुंद पुठ्ठ्याची पट्टी घ्या आणि त्याच्या बाकावर चिकटवा. त्यावर दिवसाचे तास वरून खाली, तुमच्याच शाळेत मोबाईलवर काढलेल्या फोटोंनी: प्रार्थनेचं मैदान, हिंदीचं पुस्तक, गणिताची वही, डबा, नळ, दप्तर. नेटवरची गोंडस कार्टून लावू नका, त्याचा डबा निळा असेल तर फोटोत निळाच डबा हवा. तास संपला की त्याने तो फोटो स्वतः काढून खालच्या पाकिटात टाकायचा. आणि एक लाल चौकोन वेगळा ठेवा, बदलाचा. खेळाच्या तासाला पाऊस आला, बाई रजेवर गेल्या, की तास सुरू होण्याआधी तो चौकोन त्या फोटोवर लावायचा आणि शेजारी नवीन फोटो. पहिले काही दिवस चौकोन चांगल्या बदलासाठी वापरा, गणिताऐवजी चित्रकला वगैरे. नाहीतर लाल दिसला की रडायचं असं तो शिकेल.

मग खोकी. बाकाच्या डाव्या हाताला तीन खोकी, उजवीकडे एक मोठं, "संपलं"चं. प्रत्येक खोक्यात एकच काम, सुरुवात आणि शेवट दिसेल असं. इथे तुमच्या छोटूची कचरा गाडी कामाला येते. सगळ्यांना ती त्याची खोड वाटते, मला ती तुमची सगळ्यात मोठी पुंजी वाटते. एक हिरवा डबा, एक निळा, आणि वीस चित्रं: केळ्याचं साल, पेपर, चहाचा चोथा, बाटली. इंदूरच्या पोराला ओला-सुका शिकवावा लागत नाही, पण वर्गीकरण हा तुमच्या अभ्यासक्रमातला धडाच आहे ना? मग हिरव्यात किती, निळ्यात किती, दोन्ही मिळून किती. पुढे गाडीच्या मार्गावरच्या घरांचे नंबर, गाडी येण्याची वेळ, घड्याळ. वाचनालासुद्धा गाडीवरच्याच पाट्या घ्या. कुणी म्हणेल असले लाड केले तर तो त्यातच अडकेल. मी पाहिलंय ते उलट. आवडीच्या दारातून आत आला की तो इतर खोल्याही बघतो.

आणि ते गाणं बंद करायला सांगण्याआधी आठवडाभर नोंद ठेवा. केव्हा गातो, त्याआधी काय झालं, गायल्यावर तुम्ही काय केलंत. तीनच रकाने. माझा अंदाज, वर्गात गलका वाढला किंवा बाहेर जावंसं वाटलं की तो गात असणार. ऐकलेलं जसंच्या तसं म्हणणं ही या मुलांची बोलण्याची एक रीतच असते. तसं निघालं तर त्याला दाराचा फोटो असलेलं कार्ड द्या. ते तुमच्या हातात दिलं की दोन मिनिटं व्हरांड्यात. सुरुवातीला तो दिवसभर कार्ड देईल. देऊ द्या. मागितलं की मिळतं, हे आधी पटू दे.

हाक मारली तर वळत नाही म्हणून हनुवटी धरून "इकडे बघ" नका करू. मोठ्या झालेल्या अनेक ऑटिस्टिक माणसांनी लिहून ठेवलंय की डोळ्यांत बघायला लावलं की ऐकणंच बंद होतं. "छोटू, वही," एवढंच म्हणा आणि मनात दहापर्यंत मोजा. चाळीस पोरांत दहा आकडे फार मोठे वाटतात, ठाऊक आहे.

प्रार्थनेचं मात्र मुख्याध्यापकांशी बोलावं लागेल. माइकच्या खाली उभं करण्याऐवजी रांगेच्या शेवटी, नाहीतर सुरुवातीला वर्गातूनच. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या झांक्या म्हणजे देखावे, रंगपंचमीची गेर म्हणजे रंगांची मिरवणूक, हे त्याच्या घरच्यांना आधी सांगून ठेवा. आपण लहानपणी रात्रभर जागून झांक्या बघायचो, त्याला तेच ढोल अंगावर येत असतील. कॅरोल ग्रे नावाच्या अमेरिकन शिक्षिकेने १९९०च्या सुमारास यासाठी छोट्या गोष्टी लिहायची पद्धत काढली. मुलाच्याच तोंडून, साध्या वाक्यांत, रागावणं नाही, हुकूम नाही. "आज रात्री रस्त्यावर झांक्या येतील. ढोल मोठ्याने वाजतील. मला आवाज नको वाटला तर मी आजीबरोबर मागच्या खोलीत बसू शकतो. झांक्या पुढे गेल्या की शांत होईल." चार फोटो लावून आधीचे काही दिवस रोज वाचायचं.

आजी म्हटल्यावर आठवलं. तुम्ही लिहिलंत की कुणीतरी छोटूच्या घरच्यांना मराठी बंद करून फक्त हिंदी-इंग्रजी बोला असं सांगितलं. वहिनी, याला आधार नाही. घरात दोन भाषा असलेल्या ऑटिस्टिक मुलांवर बराच अभ्यास झालाय, आणि दोन भाषांमुळे त्यांचं बोलणं मागे पडतं असं त्यात दिसत नाही. उलट रामबागेतल्या त्याच्या आजीला हिंदीत लाड करायला लावलं तर ती गप्पच बसेल, आणि त्या मुलाशी सगळ्यात जास्त बोलणारं माणूस जाईल. छोटूच्या आईला हे स्पष्ट सांगा.

आईचं आणखी एक. स्टाफ रूममध्ये म्हणतात ना, "नोकरी करते, पोराला टीव्हीपुढे बसवते, म्हणून असं झालं"? हे फार जुनं पाप आहे. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचं वर्णन करून या अवस्थेला नाव दिलं. त्यानंतर बरीच वर्षं डॉक्टर मंडळीच म्हणत राहिली की थंड स्वभावाच्या आयांमुळे मुलं अशी होतात. शिकागोचे ब्रूनो बेटलहाइम त्यात सगळ्यात पुढे. आणि आमचे शॉप्लर त्यांच्याच हाताखाली शिकलेले! गुरूचं पटलं नाही म्हणून त्यांनी आईवडिलांनाच उपचारात जोडीदार करून घेतलं, आरशासारखी काच लावलेल्या खोलीतून आया बघायच्या आणि घरी तेच करायच्या. आज आपल्याला माहीत आहे की यात जनुकांचा वाटा मोठा आहे. तेव्हा पुढच्या वेळी कुणी बोललं तर कॅनरपासून सुरुवात करा, तास संपेपर्यंत सोडू नका. आणि आईला पालकसभेच्या रांगेत न उभं करता वेगळं बोलवा. काय खातो, कशाने शांत होतो, कोणता शर्ट टोचतो, हे तुमच्या निम्म्या प्रश्नांचं उत्तर तिच्याकडे आहे.

कागदांचं थोडक्यात, कारण त्यात दादा तुमच्यापेक्षा पटाईत. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा २१ प्रकार मानतो, ऑटिझम त्यात आहे. सरकारमान्य शाळेनेही भेदभाव न करता प्रवेश द्यावा आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करावी, असं त्याचं सोळावं कलम सांगतं. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर ६ ते १८ वर्षं जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क, आणि दोन्हींतली निवड कुटुंबाची. तेव्हा "याला स्पेशल स्कूलमध्ये पाठवा" असा निरोप तुमच्या तोंडून पाठवण्याचा अधिकार शाळेला नाही, हे तुम्ही हसत हसत सांगू शकता. तपासणीत आयएसएए ही ऑटिझम मोजायची ४० मुद्द्यांची भारतीय चाचणी करतात. प्रमाणपत्रानंतर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मग केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना, वर्षाला एक लाखापर्यंतची. सीबीएसईत पुढे लेखनिक आणि जादा वेळ मिळतो, पण त्याला अवकाश आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण घालून दिलंय. तुमच्या शाळेत असा शिक्षक नाही, तर मागणीचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. आईवडील अजून तपासणीला तयार नसतील तर रेटू नका. पट्टी आणि खोकी यांना प्रमाणपत्र लागत नाही.

शिकायला काय वाचू, विचारलंत. चॅपल हिलचंच एएफआयआरएम म्हणून फुकट प्रशिक्षण नेटवर आहे, एकेका पद्धतीचा वेगळा पाठ. इंग्रजी सोपं आहे, फक्त चित्रांच्या आधाराचा आणि कामाचे तुकडे पाडण्याचा असे दोनच आधी करा. एनसीईआरटीचं प्रशस्त नावाचं ॲप शाळेतल्या शिक्षकांसाठी आहे, लक्षणं टिपण्यापुरतं, निदान त्याने होत नाही. छोटूचं बोलणं अडत असेल तर आयआयटी मुंबईचं जेलो ॲप बघा, चित्र दाबलं की बोलतं, मराठी-हिंदीत, फुकट. चेन्नईचं "आवाज" नावाचं ॲप जास्त मोठं आहे, पण विकत. दिल्लीची ॲक्शन फॉर ऑटिझम ही संस्था १९९१ पासून पालक-शिक्षकांना शिकवतेय. बोलणारं ॲप दिलं की मूल बोलायचं विसरेल ही भीती आईला असेल, तसं होत नाही. आणि स्टेम सेल, रक्तातलं विष काढणं, असल्या जाहिराती कुणी तिला पाठवल्या तर पैसे घालण्याआधी तुमच्याशी बोलायला सांगा. ऑटिझम बरा करणारं औषध आजवर निघालेलं नाही.

सगळं एकदम करू नका. गणपतीच्या सुट्या संपल्या की पट्टी, ती रुळली की एक खोकं. उरलेल्या एकोणचाळीस पोरांना चिडवायला विषय नको असेल तर फळ्याच्या बाजूला सगळ्या वर्गासाठीच मोठी पट्टी लावा. आमच्या सामान्य वर्गांतही ती असते आणि दंगेखोर पोरांना तिचाच जास्त उपयोग होतो.

मी इथले काही फोटो वेगळे पाठवते, मुलांचे नाहीत, फक्त खोक्यांचे आणि कोपऱ्यांचे. शनिवारी तुमच्या संध्याकाळी साडेसहाला व्हिडिओ कॉल करू, तेव्हा तीन रकान्यांची वही समोर ठेवा. बाबांना सांगा, रक्तदाबाची गोळी मोदकांच्या नादात चुकवायची नाही. चिनूला तिने मागितलेले स्केचपेन येणाऱ्या माणसाबरोबर पाठवलेत, त्यातला काळा छोटूच्या पट्टीसाठी तिच्याकडून मागून घ्या.

तुमची,
मंजू