खून कोणी केला, एवढेच विचारू नकोस

प्रिय सुनंदा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. 'बँड ऑफ गोल्ड' या इंग्रजी टीव्ही मालिकेविषयी मी फोनवर तासभर बोलले आणि तू पत्रात एकच ओळ लिहिलीस, "खून कोणी केला तेवढे सांग, बाकी बघायची माझी हिंमत नाही." म्हणूनच हे सविस्तर लिहायला बसले आहे.

ही मालिका १९९५ साली आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीवर आली. लेखिका के मेलर, जन्माने इंग्लंडमधल्या लीड्सच्या. कथा घडते शेजारच्या ब्रॅडफर्डमध्ये, लंब लेन या रस्त्यावर, जिथे त्या काळी रात्री बायका गिऱ्हाइकाची वाट पाहत खरोखरच उभ्या असत. मारकुट्या नवऱ्याला सोडून आलेली, लेकरांची आई असलेली जीना सावकाराच्या कर्जात रुतते आणि तेवढे कर्ज फिटेपर्यंतच, असे स्वतःला बजावत त्या रस्त्यावर येते. काही भागांतच तिचा खून होतो. पण तोवर तिचे घर, तिची लेकरे आणि तिची भीती आपल्या इतकी ओळखीची झालेली असते की तिच्याकडे नुसते एक प्रेत म्हणून पाहताच येत नाही. रहस्यकथांत वेश्येचा खून म्हणजे बहुधा तपासाला निमित्त असते. इथे मात्र ती गेल्यावर तिची जागा रिकामीच राहते.

मला सर्वांत जास्त भिडली ती कॅरल. रात्री अनोळखी माणसाच्या गाडीत बसणारी ही बाई घरात मात्र डाग म्हणून राहू देत नाही. पुसलेलेच पुन्हा पुसत राहते. यावर कोणी भाषण देत नाही, आपण फक्त तिचे हात पाहत राहतो. लेनवर जिचा शब्द चालतो ती रोझ साकारली आहे जेराल्डिन जेम्स यांनी. 'गांधी' चित्रपटात मीराबेन झाल्या होत्या, त्याच! अल्पवयीन ट्रेसीच्या भूमिकेतल्या समँथा मॉर्टनकडे पाहताना तर माझा जीव कासावीस झाला.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. पण खुनी कोण, याआधी या बायकांना एकटे कोणी पाडले ते बघ. तिकडे पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवणे हा गुन्हा नाही. परंतु रस्त्यावर उभे राहून गिऱ्हाईक शोधणे हा गुन्हा आहे, आणि सोबत असावी म्हणून दोघींनी एकाच घरात धंदा केला, तर कायद्याने तो कुंटणखाना ठरतो. म्हणजे बाईने कायद्यात राहायचे तर एकटीनेच राहायचे! १९५९च्या कायद्यातला 'सराईत वेश्या' अशा अर्थाचा शब्द २००९ पर्यंत पुस्तकात होता. त्याच ब्रॅडफर्डमध्ये राहणाऱ्या पीटर सटक्लिफला १९८१ साली तेरा स्त्रियांच्या खुनांबद्दल शिक्षा झाली, तेव्हा सरकारी वकिलांनी न्यायालयात म्हटले होते की मारल्या गेलेल्यांपैकी काही जणी वेश्या नव्हत्या, हीच कदाचित या प्रकरणातली सर्वांत दुःखद बाब. सुनंदा, हे वाक्य मी तीनदा वाचले. उरलेल्या जणींच्या आयांनी ते कसे ऐकले असेल?

खुनी सापडतो, पण त्याचे नाव मी लिहीत नाही. पहिले दोन भाग बघ. जीनाने कर्ज कोणाकडून घेतले आणि तिला दुसरी वाट कोणी दाखवली का, एवढे पाहून मला कळव.

तुझी,
वासंती