वनौषधींच्या बाटल्या फार्मासिस्टच्या हातून जाव्यात

महोदय,

कारले-जांभळाचा रस, अश्वगंधेच्या कॅप्सूल, गुळवेलीचा काढा या बाटल्या हल्ली मेडिकलमध्ये अगदी पुढे, चॉकलेटच्या बरणीशेजारी मांडलेल्या असतात. गिऱ्हाईक स्वतःच उचलते, पैसे देते आणि जाते. मी नौपाड्यात मेडिकल चालवते, नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे. माझा आक्षेप बाटलीला नाही, तिच्या या जागेला आहे.

आमच्याकडे नेहमी येणारे सत्तरीचे एक काका मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेतात. कोणीतरी सांगितले म्हणून त्यांनी उपाशीपोटी कारले-जांभळाचा रस सुरू केला. एके दिवशी सकाळी घाम फुटला, हातपाय थरथरू लागले. साखर चांगलीच उतरली होती. रस घेतला त्या दुकानात ‘शुगरची गोळी चालू आहे का’ एवढेही कोणी विचारले नव्हते. डॉक्टरांनाही त्यांनी सांगितले नाही. ‘ते काय औषध आहे होय?’ असे मलाच विचारत होते.

रोज ज्येष्ठमध घेणाऱ्याचा रक्तदाब चढू शकतो आणि पोटॅशियम उतरू शकते. त्यात लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल तर आणखीच. क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफेरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्याने गिंको नावाच्या झाडाच्या पानांच्या वा लसणाच्या कॅप्सूल सुरू केल्या की रक्तस्रावाची भीती. गुळवेलीमुळे यकृताला इजा झालेल्या रुग्णांची माहिती मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा ती वनस्पती गुळवेलीसारखी दिसणारी दुसरीच असावी, असे आयुष मंत्रालयाचे म्हणणे पडले. खरे कोणाचेही असो, बाटलीत नेमकी कोणती वेल आहे हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नाही, हे दोन्ही बाजूंनी मान्य केल्यासारखेच झाले.

आयुर्वेदिक औषध बनवायला परवाना लागतो, विकायला लागत नाही. म्हणून ते किराणा दुकानातही मिळते आणि जिममध्येही. तीच अश्वगंधा पूरक आहार म्हणून आली की डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी क्रमांक असतो आणि हे औषध नव्हे, अशी सूचनाही. चष्मा लावून ती वाचणारे गिऱ्हाईक मी क्वचितच पाहिले. बीपी-शुगरची चिठ्ठी आणि ही बाटली एकाच जाणत्या माणसाच्या नजरेखालून जाऊ शकेल, अशी जागा मेडिकलचीच. आणि रुग्णाला समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे कामच आहे, असे २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत लिहिलेले आहे.

प्रत्यक्षात दुपारी फार्मासिस्ट जेवायला घरी जातो आणि काउंटरवर पोरगा असतो. कंपनीचा माणूस ‘दहावर तीन फ्री’ अशी स्कीम देऊन जातो, मग गुडघेदुखी म्हटले की कोणती बाटली पुढे करायची हे त्या पोराला पाठ. त्या बिचाऱ्याला काय बोलायचे? मालकानेच शिकवलेले असते.

माझे म्हणणे एवढेच की या बाटल्या मागच्या रॅकमध्ये जाव्यात आणि फार्मासिस्टनेच काढून द्याव्यात. देताना ‘दुसऱ्या कोणत्या गोळ्या चालू आहेत’ हे विचारावे, बिलावर बॅच नंबर टाकावा. लेबल नसलेली पुडी घेऊन कोणी आले आणि ‘दोन दिवसांत सांधे मोकळे झाले’ म्हणाले, तर त्यात स्टेरॉइड असण्याची शंका घेऊन त्यांना डॉक्टरांकडे पाठवावे. असे स्टेरॉइड महिनोन्‌महिने पोटात गेल्यावर एकदम बंद करणेही धोक्याचे असते, म्हणून पुडी फेकून द्या असे काउंटरवरून परस्पर सांगू नये. त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ या टोल-फ्री क्रमांकावर कळवता येते; औषधांचे दुष्परिणाम नोंदवायच्या सरकारी फॉर्ममध्ये सोबत घेतलेल्या वनौषधींसाठीही जागा आहे. हा फॉर्म पाहिलेले दुकानदार आमच्या गल्लीत तरी फार नसावेत.

ठाण्यातल्या केमिस्ट मंडळींनी पुढच्या सभेत मार्जिनच्या चर्चेआधी हा विषय घ्यावा.

– एक फार्मासिस्ट, नौपाडा, ठाणे (प.)