सूचना: शनिवारी रात्री सर्व्हरच्या अंतर्गत डिस्कचं मिररिंग

नमस्कार मंडळी,

येत्या शनिवारी रात्री १० वाजता आपल्या स्ट्रेटस एफटीसर्व्हरमध्ये (एक भाग बंद पडला तरी चालू राहणारा सर्व्हर) नव्या डिस्क बसवून त्यांचं मिररिंग करायचं आहे, म्हणजे तोच डेटा एकाच वेळी दोन डिस्कवर ठेवायचा आहे. लिनक्स बघणाऱ्यांनी आणि त्या रात्री ड्युटीवर असणाऱ्यांनी ९:३० पर्यंत सर्व्हर रूममध्ये यावं.

या मशीनमध्ये दोन सारखी एन्क्लोजर (डिस्क बसवायच्या पेट्या) आहेत. एकातल्या डिस्कची जोडी दुसऱ्यातल्या त्याच क्रमांकाच्या स्लॉटमधल्या डिस्कशीच लावायची. दोन्ही प्रती एकाच एन्क्लोजरमध्ये राहिल्या, तर मिरर ठीक दिसेल, पण ते एन्क्लोजर बंद पडताच दोन्ही प्रती एकदम हातातून जातील. म्हणून डिस्क सरकवण्यापूर्वी स्लॉटचा क्रमांक मोठ्याने वाचा, दुसऱ्याने तो ताडून बघावा.

- शनिवारी दुपारी ४ पर्यंत पूर्ण बॅकअप घ्या आणि त्यातली एक फाइल परत आणून बघा. मिरर म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही डिस्कवरून पुसली जाते.
- जोडीतल्या डिस्क एकाच क्षमतेच्या हव्यात.
- सिंक (एका डिस्कवरचा डेटा जोडीतल्या दुसरीवर उतरवणं) चालू असताना कुठलीही डिस्क काढू नका. तेव्हा पूर्ण प्रत एकच असते.
- एमडीस्टॅटमध्ये (मिररची स्थिती दाखवणारी लिनक्सची फाइल) चौकटी कंसात दोन ‘यू’ दिसेपर्यंत काम संपलं असं धरू नका. एका ‘यू’च्या जागी आडवी रेघ म्हणजे जोडी अपुरी.

मागे एकदा मिरर तुटल्याचं आपल्या कित्येक दिवस लक्षातच आलं नव्हतं. त्यामुळे रविवारपासून रोज सकाळी ड्युटीवरच्याने स्थिती बघून वहीत वेळेसह सही करावी.

ज्यांना येणं जमणार नाही, त्यांनी शुक्रवार संध्याकाळपर्यंत ग्रुपवर कळवा.