वेंगुर्ल्याच्या बाइंडिंगवाल्या काकांना

तीर्थस्वरूप काका,

साष्टांग नमस्कार, वि. वि.

समोर उभं राहून आभार मानायला लागलं की तुम्ही "गप रव गो" म्हणता आणि कुणाच्या तरी पावतीपुस्तकावर नंबर मारायला घेता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. इथे तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही. नात वाचून दाखवील तेव्हा निदान काकींचा भाग येईपर्यंत बसा, मग हवं तर उठा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मी आर्ट जर्नल करते. एक जाड वही, तिच्या पानापानावर रंग, चिकटवलेले कागद, कापडाचे तुकडे, शिक्के, आणि वर सुचतील त्या चार ओळी. चित्रकला न शिकलेल्यालाही जमतं, कारण निम्मं काम कात्री आणि गोंद करतात.

याची शिकवणी मिळते ती बहुतेक परदेशातली. तिथली माणसं ॲक्रिलिक रंग लावतात, हेअर ड्रायर फिरवतात, वही मिटतात आणि झोपायला जातात. आपल्याकडे जुलैत बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं. ॲक्रिलिक हे शेवटी प्लास्टिकच. हाताला सुकलेलं लागलं तरी दमट उकाड्यात समोरासमोरची पानं एकमेकांना धरून बसतात, आणि सोडवायला गेलं की चर्रकन आवाज होऊन एकाचा रंग दुसऱ्यावर जातो. त्यातून माझ्या पानांवर पुठ्ठा, गोणपाट, जाळ्याचे तुकडे. वही मिटेना, शेवटी कणा उलला.

तुमच्याकडे आले ती नुसता कणा चिकटवून घ्यायला. तुम्ही चित्रं पाहिलीच नाहीत (थोडं वाईट वाटलं होतं, आता सांगायला हरकत नाही). वही उभी धरलीत, वरून एक डोळा मिटून पाहिलंत आणि म्हणालात, "हिचा पोट सुटला." मग फळीवरून कुणाच्या तरी लग्नाचा जुना, काळ्या पानांचा अल्बम काढलात. कण्यापाशी दर दोन पानांच्या मध्ये अर्धा इंच रुंदीची जाड कागदाची पट्टी शिवलेली होती. रिकामा असताना असा अल्बम पाठीशी फुगीर आणि तोंडाशी चपटा दिसतो. फोटो लावून झाले की दोन्हीकडची जाडी सारखी होते आणि तो सपाट मिटतो. माझ्या वहीला जे हवं होतं ते लग्नाच्या अल्बमवाल्यांना कधीपासूनच माहीत होतं.

यावर बाहेर सर्रास दिला जाणारा सल्ला म्हणजे वहीतलं दर तिसरं पान फाडून टाका, जागा होते. तेही तुम्ही दाभणाच्या टोकाने दाखवून दिलंत. शिवलेल्या वहीत प्रत्येक पान दुसऱ्या एका पानाशी जोडलेलं असतं. एक फाडलं की फॉर्म्याच्या, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेल्या पानांच्या गठ्ठ्याच्या, पलीकडच्या बाजूचं त्याचं जोडीदार पान निराधार होतं आणि काही दिवसांत हातात येतं. फाडायचंच असेल तर कण्यापाशी बोटभर सोडून कापावं. तो उरलेला तुकडा पट्टीचंही काम करतो.

मग तुम्ही मला वही शिवून दिलीत. जाड कार्ट्रिज कागद, मेण ओढलेला दोरा, कापडी पाठ, मधेमधे पट्ट्या, आणि आतल्या बाजूला अबरीचा, म्हणजे रंगांच्या लहरी उमटवलेला, कागद. तो निळा-तांबडा अबरी तुम्ही कुठल्या तरी खास कामासाठी राखून ठेवला होतात, हे मला काकींकडून कळलं.

वहीपेक्षाही मोठी गोष्ट मात्र तुम्ही एका शिळ्या वर्तमानपत्रावर शिकवलीत. वरून खाली फाडलंत, तर सरळ चीर गेली. आडवं फाडलंत, तर वेडंवाकडं. कारखान्यात कागद तयार होताना त्याचे तंतू यंत्राच्या धावेच्या दिशेने पडतात, आणि ओले झाले की लांबीत फारसे वाढत नाहीत, रुंदीत फुगतात. म्हणजे गोंद लागला की कागद एकाच दिशेने वाढतो आणि सुकताना त्याच दिशेने आखडतो. खालच्या पानाची दिशा एक आणि वरच्या तुकड्याची दुसरी असली की दोघांची ओढाताण होते आणि पान वळतं. किती दिवस मी वळलेली पानं इस्त्रीखाली घालत होते! आता कुठलाही तुकडा लावायच्या आधी तो दोन्ही अंगांनी हलकेच वाकवून बघते. ज्या अंगाने विरोध न करता वाकतो, त्या वाकाची रेघ कण्याला समांतर ठेवते. आणि पानाच्या एका बाजूला मोठा कागद चिकटवला तर मागच्या बाजूलाही साधारण तेवढ्याच जाडीचा लावते, म्हणजे ओढ दोन्हीकडून सारखी. हे मला कुठल्याही व्हिडिओत कुणी इतकं सरळ सांगितलं नाही.

आता काकी. मागच्या पडवीतल्या चुलीवरची दोन भांडी मी कधी विसरणार नाही. एकात मैद्याची खळ, मोरचूद घातलेली, फिकट निळसर. ती खतावण्या आणि रजिस्टरांसाठी, म्हणजे कसर लागत नाही. त्या भांड्याला घरातलं दुसरं काही शिवायचं नाही, मोरचूद विषारी. दुसऱ्यात चिंचोक्याची. चिंचोके भाजायचे, टरफल काढायचं, रात्रभर भिजवायचे, पाट्यावर गंधासारखे वाटायचे, मग भरपूर पाण्यात मंद आचेवर ढवळत राहायचं. काकी ढवळता ढवळता चिमटीत थेंब घेऊन बोटं उघडतात. तार लांब लोंबली तर अजून पाणी, तार धरलीच नाही तर अजून आच. गाळून झाली की किंचित तांबूस, गुळगुळीत. पूर्वी घोंगड्यांना हीच खळ देत.

पातळ कागदाला हिच्यासारखं दुसरं काही नाही. पतंगाचा कागद, जुन्या पोथीच्या झेरॉक्सचं पान, कॅलेंडरचा तुकडा, सुरकुती न पडता बसतो. आणि मन बदललं तर ओल्या फडक्याने दाबून तुकडा अलगद सरकवता येतो. पांढऱ्या गोंदाने लावलेलं एकदा सुकलं की सुकलं. उलट कापड, जाळं, शिंपला, काथ्या असलं वजनदार काही खळ धरत नाही, तिथे फेव्हिकॉलच लागतो. खळ दोन दिवसांत आंबते, हाही तिचा दोष. मी थेंबभर लवंगेचं तेल घालते, त्याने आणखी थोडी टिकते आणि टेबलाला पानाच्या दुकानाचा वास येतो.

गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे गोल पत्ते, बघून ये, असं तुम्हीच सांगितलंत म्हणून सावंतवाडीच्या राजवाड्यात गेले. दशावतारी गंजिफांचा संच १२० पानांचा, दहा अवतारांची प्रत्येकी बारा पानं, हे मी वाचलं होतं. पण ती गोल पानं जवळून पाहताना माझं लक्ष चित्रांपेक्षा अंगाकडे गेलं. चिंचोक्याच्या खळीने थरावर थर, त्यावर पांढरा लेप, दगडाने घोटून गुळगुळीत, मग रंग, मग लाख. आम्ही जर्नलवाले रंगाखाली द्यायला बाटलीतला महागडा जेसो घेतो तो दुसरं काय करतो? खडूची पूड आणि तिला धरून ठेवणारं काहीतरी, एवढंच. आता मी घरीच करते. खडू कुटून वस्त्रगाळ करायचा, पांढरा गोंद आणि पाणी घालून दुधाच्या सायीइतका दाट करायचा, दोन पातळ हात द्यायचे. एक जाड हात दिला तर वही उघडताना तडे जातात. त्यातच जांभ्याची वस्त्रगाळ पूड घातली की आपल्या गडग्याचा रंग मिळतो. दुकानातल्या नळीत तो रंग मी अजून पाहिलेला नाही.

पिकासोचं ते चित्र तुम्हाला फोनवर दाखवलं होतं, आठवतं? १९१२ सालचं. खुर्चीच्या वेताच्या विणीचं छापील मेणकापड थेट चित्रात चिकटवलेलं, आणि चौकटीच्या जागी भोवती दोरी. चित्रकलेत कोलाजचं पान तिथून उलटलं असं मानतात. तुम्ही चष्मा पुसून बघितलंत आणि म्हणालात, "दोरी काथ्याची न्हय दिसता." मग मी सांगितलं की त्याच सुमाराला त्याने चिकटवलेली वर्तमानपत्रं आता तपकिरी झाली आहेत. त्यावर तुमचा चेहरा मात्र खुलला. वर्तमानपत्राचा कागद लाकूड दळून केलेला असतो, लाकडातलं लिग्निन त्यात तसंच राहतं आणि उजेड-हवेने पिवळं पडतं, ही तुमची रोजची तक्रार. "जंय तुका पिवळा झाला तरी चलात, थंयच पेपर लाव." हा नियम मी पाळते. जपून ठेवायची बातमी असेल तर चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून तीच लावते. झेरॉक्सची शाई ओलाव्याने फुटत नाही, घरच्या इंकजेटची फुटते. एसटीच्या मशीनचं तिकीटही आता थेट लावत नाही. तो थर्मल कागद, काही महिन्यांत अक्षरं उडतात.

आणि मेरी डेलनीची गोष्ट तुमच्यासाठी नव्हतीच, ती काकींसाठी होती. इंग्लंडातली ही बाई १७७२ साली, वयाच्या ७२ व्या वर्षी, रंगीत कागद कापून फुलं करायला लागली. काळ्या पार्श्वभूमीवर एकेक पाकळी, पुंकेसरसुद्धा कागदाचा. नजर अधू होईपर्यंत दहा वर्षांत जवळजवळ हजार चित्रं केली, ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. काकी आधी म्हणत होत्या, "ह्या वयात आता काय शिकतलंय?" हे ऐकल्यावर पळी बाजूला ठेवून म्हणाल्या, "मगे माका अजून दोन वर्सा आसत." दोन वर्षं त्या काही थांबल्या नाहीत. त्यांनी केलेलं अनंताचं फूल तुमच्या गल्ल्यामागे लावलंय, येणारं गिऱ्हाईक आधी तिकडे बघतं.

पावसाळ्याचा इलाजही तुमचाच. कागदाच्या कपाटात खालच्या खणात जुना पिवळा बल्ब. एलईडी नाही, तो पुरेसा तापतच नाही. मी घरी लहान कपाटात तेच केलंय, बल्बपासून वही हातभर लांब. आणि ॲक्रिलिकच्या पानांवर शंखजिऱ्याची पूड चिमूटभर घेऊन मऊ फडक्याने चोळायची, वर बटर पेपर. गेल्या पावसात एकही पान चिकटलं नाही. तरी तुमचं "सुकांदे आदी" कानात असतंच, आणि हात आखडता राहतो.

चतुर्थीला केलेलं पान तुम्ही पाहिलंत, पण ते कसं जमलं ते सांगायचं राहिलं. आमच्या माटवीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं बांधून टांगतात त्या लाकडी चौकटीचं, पान ते. खाली जांभ्याचा लेप. त्यावर माडाच्या झावळीच्या बुडाशी जाळीदार आवरण असतं ना, ते सपाट करून पानावर धरलं आणि वरून स्पंजाने गडद हिरवा टिपला. उचलल्यावर उभ्या-आडव्या धाग्यांची नक्षी उमटली, माटवीच्या लाकडी पट्ट्यांसाठी वेगळं काही काढायलाच नको. माटवीला बांधतात ती कवंडळाची नारिंगी फळं केली साडीच्या दुकानाच्या नारिंगी पिशवीतून. पिशवी प्लास्टिकसारख्या कागदाची असल्याने खळीला दाद देईना, तिथे गोंद वापरला. आंब्याचे टाळे म्हणजे हापूसच्या पेटीवरच्या छापील पट्टीतली हिरवी पानं. सुपारीचा शिपटा, म्हणजे घोस, तेवढा खरा, म्हणजे त्याचे वाळलेले देठ, दोऱ्याने पानात शिवलेले. खालच्या कोपऱ्यात भाद्रपदाचं कॅलेंडर, आईच्या अक्षरातल्या "दूध जास्त" या नोंदीसकट. ते पान पट्ट्यांशिवायच्या वहीत मिटलंच नसतं.

तुम्ही त्या पानावर बोट फिरवून फक्त टाका बघितलात. "बरो घातलंस," म्हणालात. माझ्या चित्रावर तुम्ही दिलेलं हे एकमेव मत, आणि तेही शिवणीवर.

आता कामाचं. पहिल्या वहीचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, मी गप्प बसले. पुढच्या खेपेला बसणार नाही. आळीतल्या मुलांना दिवाळीच्या सुटीत जर्नल शिकवायचंय, त्यांच्यासाठी लहान वह्या हव्यात, पट्ट्या घातलेल्या. कागद कापून, फॉर्मे दुमडून मी आणते. भोकं आणि शिवण तुमची, मुलांच्या समोर बसून. दर तुम्ही सांगा, पण सांगा. अबरीच्या कतरणी बंबात घालू नका, सगळ्या ठेवा. काकींना म्हणावं, मामाकडून चिंचोके मागवलेत, पायलीभर येतील.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

तुमची,
वरच्या आळीतली बाय